चिंधी बांधलेला माठ

लाल माठ एकदा पेरून पाच वेळा कापता येतो, हे मला लग्न होईपर्यंत माहीत नव्हतं. माझं माहेर उमरठच्या वर, डोंगरावरच्या वाडीत. तिथे दिवाळीनंतर प्यायच्या पाण्याची मारामार, भाजीला कुठून घालणार? आमची शेती म्हणजे उतारावरची नाचणी-वरी आणि चार गुरं. पालेभाजी पावसात आपल्या पायाने यायची. टाकळा, कुर्डू, भारंगी खुडून आणायची नि शिजवायची. परसात कुणी मूठभर माठ टाकलाच, तर तो वीतभर झाला की मुळासकट उपटायचा, मुळं तोडून धुवायचा, विषय संपला. एकाच झाडाकडे पुन्हा पुन्हा जायचं, ही कल्पनाच आमच्याकडे नव्हती.

नव्वदीच्या सुरुवातीला मी सासरी आले ती महाडकडे, तुडीलच्या बाजूला, सावित्रीच्या काठच्या गावात. नवरा मुंबईत कारखान्यात कामाला, गणपतीला आणि शिमग्याला घरी येणारा. सासरे मी यायच्या आधीच वारले होते. घरात मी आणि सासू अशा दोघीच. पुढे मुलगी झाली तेव्हा तिघी. सासूला मी आई म्हणायचे, पण सुरुवातीला ते नुसतं तोंडाने. ती काटक होती, कमी बोलायची, आणि जे बोलायची ते झोंबायचं. मी तापट. अजूनही आहे. वयाने माणूस निवळतं म्हणतात, पण तेवढं वय मी अजून गाठलेलं दिसत नाही.

पहिल्याच थंडीत तिने मला मळ्यातून माठ काढून आणायला सांगितलं. मी गेले आणि अर्धा वाफा उपटला. पाटी भरून घरी आले तेव्हा स्वतःवर खूश होते. सासूने पाटीत डोकावून पाहिलं, मुळांना लागलेली माती पाहिली आणि विचारलं, "म्हायेरी तुमी आंबा बी उपटूनच खाता काय गो?"

मी पाटी उचलून आत नेली. तो टोमणा मात्र मला पुढे वर्षभर पुरला.

दुसऱ्या दिवशी ती मला मळ्यात घेऊन गेली आणि उरलेल्या अर्ध्या वाफ्याशी उकिडवी बसली. डाव्या हाताची चार बोटं तिने जमिनीवर आडवी धरली, झाडाला टेकवली, आणि बोटांच्या वर विळा फिरवला. खाली बुडखा राहिला, त्याला दोन-तीन डोळे. "हितनं फुटंल," म्हणाली. कापल्या दिवशी पाणी घालायचं नाही, बुडखा कुजतो. दुसऱ्या दिवशी थोडं शेणखत नि मग पाणी. पंधरा दिवसांत त्या बुडख्यांना आजूबाजूने फुटवे आले आणि वाफा पहिल्यापेक्षा दाट झाला. मी रोज पाहत होते तरी मला ते खरं वाटत नव्हतं.

बाकीचं मी हळूहळू शिकले. भात कापून झालं, दिवाळी आटोपली, की जमिनीत ओल असतानाच पहिला वाफा. बी खसखशीएवढं, काळं, चमकणारं. नुसतं फेकलं तर एकाच जागी ढीग पडतो, म्हणून राखेत मिसळून पेरायचं. पंधरा दिवसांनी दुसरा वाफा, आणखी पंधरा दिवसांनी तिसरा, म्हणजे एक कापेपर्यंत दुसरा तयार. पौषात मात्र काही पेरायचं नाही. थंडीत पेरलेला माठ अंग धरत नाही, चार पानांवर तुरा काढतो आणि म्हातारा होतो. माघ लागला की पुन्हा सुरू. हे सगळं सासूने एका बैठकीत सांगितलं असं नाही. ती करायची, मी बघायची, आणि चुकले की टोमणा यायचा. त्या वेळी सासवा समजावून सांगत नसत आणि सुना विचारत नसत. आता वाटतं, आमच्या दोघींच्या तोंडाला काय मिठी बसली होती कोण जाणे.

गावात इतरही बायका माठ करायच्या. त्यांचा माठ तीन वेळा कापून झाला की संपायचा. पानं बारीक व्हायची, दांडे चिवट, आणि मधून तुरा डोकावायचा. आमचा पाचव्या कापणीलाही मऊ असायचा. सासू त्याला "आमचा माठ" म्हणायची. ते बी तिच्या सासूकडून आलेलं, तिला तिच्या सासूकडून. चुलीवरच्या फळीवर काचेच्या बाटलीत राख घालून ठेवलेलं असायचं. सासू तशी देती बाई होती. ताक, लिंबं, काकडी, कुणी मागितलं तर ओंजळभर तांदूळसुद्धा. बी मात्र कुणालाही नाही. शेजारणी दरवर्षी मागायच्या, आणि ती दरवर्षी "औंदा कमीच धरलंय" म्हणून वाटेला लावायची.

तिसरी कापणी झाली की ती एक गोष्ट करायची. जुन्या लुगड्याच्या काठाच्या बारीक चिंध्या फाडून कमरेला खोचायची, वाफ्या-वाफ्यातून वाकून फिरायची आणि काही झाडांना चिंधी बांधायची. ती झाडं मग कापायची नाहीत. त्यांनाच पुढे तुरे यायचे आणि चैत्र-वैशाखात त्यांचं बी झडायचं. कुणी विचारलं, की म्हणायची, "दिष्ट लागू नये म्हणून." मला ते पटलं. आमच्या वाडीत पहिलटकरणीच्या दारावर, नव्या वासराच्या गळ्यात, कशाकशाला काळी दोरी बांधतात. मी समजले, बियाण्याचं झाड आहे, त्याची दृष्ट काढलेली बरी. कोणत्या झाडाला बांधते आणि कोणत्याला नाही, हे पाहायचं माझ्या डोक्यात आलं नाही. चिंधी दिसली, झाड दिसलं नाही.

मार्चमध्ये महाडला चवदार तळ्यावर माणसं जमायची तेव्हा बाजारात भाजी उरायची नाही. आम्ही पहाटेच्या एसटीने पाट्या घेऊन जायचो, आणि आठ वाजता जुड्या संपलेल्या असायच्या. एका वर्षी मी म्हटलं, मळ्यात ती चिंध्यांची झाडं उभी आहेत, कमरेएवढी, लुसलुशीत. तीही कापून आणली असती तर अजून एक पाटी झाली असती. सासू रिकामी पाटी काखेत मारून एसटीची वाट बघत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि म्होरल्या साली काय पेरशील? तुजी जीभ?"

लग्नाला पाच वर्षं झाली, त्या भादव्यात गणपती बोळवून आल्यावर ती अंगणात पडली. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. महाडच्या दवाखान्यात पंधरा दिवस होती. घरी आणली तेव्हा तिच्या तोंडात एकच शब्द उरला होता, "नाय." चहा हवा असला तरी नाय, नको असला तरी नाय. मुलगी बालवाडीतून आली की तिच्या केसांवरून डावा हात फिरवत म्हणायची, नाय नाय. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तिला सगळं कळतं, फक्त बोलता येत नाही. साधे प्रश्न विचारा, मान हलवून सांगेल. आणि ती सांगायचीही. भूक लागली का, बाहेर बसायचं का. मी असेच प्रश्न विचारायची. त्यापलीकडे काही विचारायला मला वेळ नव्हता, असं मी तेव्हा समजत होते.

त्या थंडीत मळा माझ्या एकटीच्या अंगावर आला. बाटलीतलं बी सासूनेच धरलेलं होतं, त्यामुळे माठ नेहमीसारखा झाला. सकाळी मी तिला धरून-धरून मळ्यात न्यायची, बांधावर पोतं टाकून बसवायची आणि कामाला लागायची. तिलाही बरं वाटायचं. पाणी घालताना, कापताना तिचे डोळे माझ्या हातांवर असायचे, आणि मला वाटायचं, झाली आता परीक्षा सुरू.

बी धरायची वेळ आली तेव्हा मी चिंध्या फाडल्या. वाफ्यात दोन प्रकारची झाडं होती. काहींना लवकर तुरा आला होता. त्यांची पानं बारकी नि चिवट, बाजारात कुणी हात लावला नसता. बाकीची अजून फुटत होती, मऊ, दांडगी. मी हिशेबी बाई. म्हटलं, ज्यांना तुरा आलाच आहे ती कापायला निरुपयोगी, ती बियाला सोडू. चांगली कापून नेऊ. म्हणजे काहीच वाया गेलं नाही. आणि मी तुरेवाल्या झाडांना एकेक चिंधी बांधत गेले. माझ्या शहाणपणावर मी इतकी खूश होते की मधून मधून सासूकडे बघत होते, शाबासकीसाठी.

"नाय," ती म्हणाली.

"हां आई, बांदतेय हां," मी म्हटलं.

"नाय. नाय."

मी पुढच्या वाफ्याकडे गेले. थोड्या वेळाने वळून पाहते तर ती पोत्यावर नव्हती. बांधावरून ती वाफ्यात घसरली होती आणि डाव्या हाताच्या कोपरावर अंग ओढत चिंधी बांधलेली झाडं उपटत होती. एक, दुसरं, तिसरं. मुळांची माती तिच्या तोंडावर उडत होती. मी धावले, तिला उचलून पुन्हा पोत्यावर बसवलं, पदराने तोंड पुसलं. म्हटलं, डोक्यावर परिणाम झालाय. मला रडूच आलं त्या दिवशी, तिच्या कीवेने.

दुसऱ्या दिवशी तेच. चिंधीवालीच झाडं नेमकी धरायची, दुसऱ्यांना बोट लावायची नाही. यातच खरं तर सगळं होतं. डोकं फिरलेलं माणूस समोर येईल ते उपटेल; ही वेचून उपटत होती. पण मला वाटलं, लाल-पांढऱ्या चिंध्या दिसतात म्हणून तिथे हात जातो. तिसऱ्या दिवशी तिने अर्धा वाफा मोकळा केला. मी उन्हात पाण्याच्या चाळीस कळशा वाहिल्या होत्या. मी तिच्या हातावर मारलं. चापट नव्हती ती, मुठीने मारलं, मनगटावर. तिने हात मागे घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मला आजही ती नजर सांगता येत नाही, आणि सांगता आली असती तरी इथे लिहिली नसती.

त्यानंतर मी तिला मळ्यात नेणं बंद केलं. सकाळी ओटीवर चटई टाकायची, तिला बसवायचं, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि निघायचं. ओटीवरून मळा दिसत नाही. मधे गोठा आणि आंब्याचं झाड येतं.

पुढच्या थंडीत आमचा माठ तीन कापण्यांत संपला. चौथ्यांदा बुडख्यांना फुटवे आले ते तुरा घेऊनच आले. मी म्हटलं, पेरायला उशीर झाला असेल. त्याच्या पुढल्या वर्षी दसऱ्यालाच पेरलं, तर पावसाच्या एका सरीने निम्मं बी वाहून गेलं आणि उरलेल्याने दोनच कापण्या दिल्या. मग म्हटलं, खत कमी पडलं. खत वाढवलं. मग म्हटलं, बुडखा जास्त राहतोय, म्हणून चारऐवजी दोन बोटांवर कापलं. त्यात डोळेच उडाले आणि वाफ्यात टकलं पडली. थंडीला दोष दिला, विहिरीच्या पाण्याला दिला, शेजारणीच्या नजरेला तर दिलाच, आणि चिंध्या दुप्पट बांधल्या. दरवर्षी तुरा सगळ्यांत आधी येणारी झाडं बियाला, आणि दमाने वाढणारी झाडं बाजाराला. दरवर्षी तेच, न चुकता, मनापासून.

संध्याकाळी पाटी घेऊन घरी आले की सासू हात पुढे करायची. मी पाटी तिच्यासमोर ठेवायची. ती एकेक दांडा उचलून बघायची, शेंडा चाचपायची, आणि तुरा हाताला लागला की तो माझ्यासमोर धरायची. "नाय." सुरुवातीला मी म्हणायची, हो आई, औंदा जरा लवकर आलाय. नंतर नंतर पाटी ओटीवर न ठेवता मागच्या दाराने आत न्यायला लागले.

शिमग्याला नवरा आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. मारलं होतं ते सोडून. तो म्हणाला, "अगो, तिचं दिमाग आता बच्च्यासारखं झालंय. तू टेन्शन नको घेऊ. आणि माठ नाय झाला तर नाय झाला. मार्केटमदे पुडीतलं बी भेटतं ना." तो पालखी नाचवून चार दिवसांनी मुंबईला गेला. त्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. त्याला फक्त तेवढंच दिसलं.

मी धरलेल्या बियाच्या चौथ्या थंडीत माठ वीतभरही झाला नाही. पहिली कापणी करायला बसले तर प्रत्येक झाडाच्या शेंड्यात बारीक, करडा-लाल तुरा. त्याच आठवड्यात माझी आई वाडीवरून उतरून मला भेटायला आली होती. तिला मळ्याचं काही कळत नाही. हिवाळ्यात पाणी घातलेली भाजी ती माझ्याकडेच बघायची. मी विळा घेऊन बसले होते आणि ती बांधावर उभी राहून बघत होती. एका कोपऱ्यात मी सवयीने सगळ्यांत आधी तुरा आलेल्या चार रोपट्यांना चिंध्या बांधल्या होत्या.

"ही कशाला बांदलीस?"

"बियाला."

आई खाली बसली. रोपट्याचा शेंडा तिने दोन बोटांत धरला. "ही? ही तर बाळपणीच म्हातारी झालीत गो. आपण नाचणीचं बी कसं धरतो? मोठं, भरलेलं कणीस बघून ठेवतो नि बारकी खातो. तू मोठी खाल्लीस नि बारकी पेरलीस काय?"

मी त्या चार चिंध्यांकडे पाहिलं.

"सासू काय बोलली नाय तुजी?"

मला आठवतं, मी विळा खाली ठेवला. ती बोलली होती. बोलायला एकच शब्द होता, तो ती बोलली होती, आणि तो पुरेना म्हणून अंग ओढत वाफ्यात उतरली होती. चार वर्षं मी तिच्या घरात तिच्या सासूचं, तिच्या सासूच्या सासूचं बी बुडवत होते, आणि ती ओटीवर बसून ते बघत होती. नुसतं बघतही नव्हती, कारण ते दिसू नये अशा जागी मी तिला बसवलं होतं.

मी घरी आले. सासू चटईवर होती, भिंतीला टेकून. माझ्या आईसमोरच मी सासूच्या पायाशी बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला नीट प्रश्न विचारला. "आई, तुरा आदी येतो त्याचं बी धरायचं असतं काय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. नाही.

"उशिरा येतो त्याचं धरायचं?"

होकार दिला. सावकाश, एकदाच.

चार वर्षांत हे दोन प्रश्न मला सुचले नव्हते. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तिने डावा हात माझ्या पाठीवर ठेवला की नाही, ते मला खरंच आठवत नाही. ठेवला असं म्हणायला मला आवडेल.

दुसऱ्या दिवशी मी तिला पाठीवर घेऊन मळ्यात नेलं. अंगात काही उरलं नव्हतं तिच्या, मुलीच्या दप्तराएवढी लागत होती. बांधावर न बसवता मी तिला सरळ वाफ्यात बसवलं. तीन वाफे होते, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरलेले. ती डाव्या हाताने एकेक झाड चाचपत गेली. शेंडा बघायची, तुरा लागला की उपटून टाकायची. या वेळी मीही तिच्या बाजूला बसून उपटत होते, ती दाखवेल ते. ऊन चढलं. तिच्या कपाळावरून घाम निथळत होता, तरी थांबायला तयार नव्हती. आम्ही दोघी एकच गोष्ट शोधत होतो: निदान एक झाड, ज्याच्या रक्तात जुना माठ अजून शिल्लक आहे. पहिल्या वाफ्यात एकही नाही. दुसऱ्यात एकही नाही. तिसरा वाफा लहान होता, तिथे शेवटच्या ओळीत एक झाड सापडलं. बोटभर जास्त उंच, पानं रुंद, शेंडा साफ. तिने तो शेंडा तीन वेळा चाचपला. मग माझ्या पदराचा काठ ओढला. मी काठ फाडून तिच्या हातात दिला. गाठ तिला एका हाताने मारता येईना, म्हणून एक टोक तिने धरलं आणि दुसरं मी ओढलं.

घरी परत नेताना ती माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून होती. मला कितीतरी वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी त्या झाडाच्या शेंड्यात मला मोहरीएवढ्या गाठी दिसल्या. मी नखाने खुडून टाकल्या. म्हटलं, खुडल्यावर थांबेल. आठवड्याभरात शेंड्यात पुन्हा आल्या, आणि बाजूच्या दोन पानांच्या बेचक्यांतही. मी त्याही खुडल्या. झाड टीचभर वाढलं आणि अंगभर तुऱ्यांनी भरून गेलं. पौष होता, थंडी होती, दिवस लहान होते. कदाचित त्याचंही काही चुकलं नसेल, कदाचित माघात पेरलं असतं तर तेच झाड उभं राहिलं असतं. पण बाटलीत जे बी उरलं होतं ते सगळं मी धरलेलं होतं, आणि ते काय आहे हे मला आता कळत होतं.

सासू रोज संध्याकाळी विचारायची. डावा हात चटईपासून वर उचलायची, वीतभर, आणि भुवया उंचावून माझ्याकडे बघायची. एवढं झालं?

"झालं आई. एवढं," मी हात थोडा वर धरून दाखवायची.

दुसऱ्या आठवड्यात मी हात गुडघ्यापर्यंत नेला. तिसऱ्या आठवड्यात कमरेपर्यंत. ती हात जोडल्यासारखा एकच हात छातीशी न्यायची. मग तिने मळ्याच्या दिशेने बोट दाखवायला सुरुवात केली. मला ने. मी म्हटलं, वाट निसरडी झाली आहे. वाट कोरडी ठणठणीत होती. दुसऱ्या दिवशी म्हटलं, माझी कंबर धरली आहे. मग म्हटलं, शेजाऱ्यांची म्हैस मोकळी सुटते आहे. माझ्याकडे कारणांची काय कमी?

एक दिवस तिने बोट न दाखवता तळहात पुढे केला. नेत नाहीस तर पान तरी आण. त्यात समजायला अवघड काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी महाडला गेले होते तेव्हा बाजारात एका बाईकडे पुडीतल्या बियाण्याचा माठ होता, दांडगा, तळहातापेक्षा मोठ्या पानांचा. मी त्यातली एक जुडी घेतली, सगळ्यांत कोवळा शेंडा निवडला, बाकीची एसटी स्टँडवरच्या एका गायीला घातली, आणि तो शेंडा पदरात गुंडाळून घरी आणला. सासूच्या हातात ठेवला. म्हटलं, "आपल्या झाडाचा हाय."

तिने तो डोळ्यांजवळ नेला. अंगठ्याने पान चोळलं. मग देठाकडचा भाग दातांत धरून तोडला आणि बराच वेळ चावत राहिली. मी शेजारी बसून होते, पाणी देऊ का विचारत होते, उगाचच बोलत होते. तिने चावणं थांबवलं. उरलेला शेंडा माझ्या तळहातावर ठेवला आणि आपल्या डाव्या हाताने माझी बोटं एकेक करून त्याच्यावर मिटली.

त्यानंतर तिने झाडाबद्दल कधी विचारलं नाही. हात वर केला नाही, मळ्याकडे बोट दाखवलं नाही. मी मात्र आणखी काही दिवस आपणहून सांगत राहिले, आता तुरा धरायला लागला, आता बी काळं पडतंय, आणि ती ऐकून घेत होती. चैत्रात ती गेली.

लोक म्हणाले, सुनेने खूप केलं. केलंही. पण पहिल्यांदा रागाने आणि दुसऱ्यांदा दयेने, दोन्ही वेळा मीच तिला त्या ओटीवर बसवून ठेवलं. बसणाऱ्याला त्यात काही फरक वाटला असेल का, ते मला तिलाच विचारता आलं असतं. तिला मान हलवून सांगता येत होतं. मी विचारलं नाही.